महिलांचा आवाज धोरणापर्यंत कसा पोचवावा

तुमची संस्था मुंबईची, लिंगसमानतेचा प्रकल्प मंजूर झालेला, आणि मार्च संपायच्या आत ‘तळागाळातील महिलांशी सल्लामसलत’ उरकायची आहे? बिनधास्त कोकणात या. गेल्या आठवड्यात आमच्याकडे मासेवाल्या बायकांसाठी असा एक कार्यक्रम पार पडला. त्यातून शिकलेलं सांगते.

जागा म्हणून समुद्र दिसणारं रिसॉर्ट घ्या. बायका वडापने येतील, भाडं त्यांचं त्या बघतील. समानता आहे ना!

तारीख ठरवताना भरती, लिलाव असल्या फालतू गोष्टी विचारू नका. बोलवा दहाला, उगवा बाराला. पाटीतली सुरमई थांबते की तुमच्यासाठी.

सह्या आधी, चहा नंतर.

शिफारशी मात्र छापूनच आणा. आमच्या फायलीत ‘सहभागी महिलांनी एकमताने सुचवलेल्या शिफारशी’ आम्ही तोंड उघडायच्या आधीच तयार होत्या. जेंडर बजेटिंग, स्टेकहोल्डर मॅपिंग... आमचं एकमत झालेलं आम्हालाच तिथे कळलं! एक म्हातारी मासेवाली उठली, म्हणाली, ‘‘बाय, बंदरावर बायकांना मुतारी कधी होईल?’’ संस्थेच्या मॅडम गोड हसल्या. ‘‘मावशी, आज आपण पॉलिसी लेव्हलवर बोलतोय.’’ लेव्हल! पहाटे घर सोडलेली बाई दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही, कारण मग जायचं कुठे? बोली तिने लावायची, बर्फ तिने भरायचा, उन्हात गावोगाव पाटी तिने फिरवायची, आणि कर्जाचा विषय निघाला की होडीचे कागद नवऱ्याच्या नावावर. ही कुठली लेव्हल म्हणायची? आणि हे लिहून घ्यायला तुमच्या त्या मुलीच्या हातात पेनसुद्धा नव्हतं, मोबाइल होता. फोटोसाठी.

पुरे झाला उपरोध. संस्था काय करू शकतात हे माहीत आहे, म्हणून डोकं फिरतं. राजस्थानात बालविवाह रोखायला गेलेल्या भंवरीदेवीवर १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर विशाखा आणि इतर संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ ला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं मिळवली, २०१३ ला त्याचाच कायदा आला. त्याच कायद्याने कामाच्या ठिकाणी तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरची एक सदस्य लागते, बहुधा तुमच्यासारख्या संस्थेतली. ती खुर्ची तुम्हाला कोणाच्या भोगातून मिळाली, आठवतं का? महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण १९९४ चं, चौथं २०२४ चं. कागद भरपूर झालेत हो.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं कायदाच सांगतो. तिथे या, सतरंजीवर बसा. मुतारीचा ठराव नीट लिहून द्या आणि तो तालुक्याला कुठे अडतो त्याच्या मागे लागा. जमत नसेल तर निदान खोटं तरी बोलू नका. मी सही हजेरीसाठी केली होती, तुमच्या शिफारशींसाठी नाही. त्या यादीतून माझं नाव काढा.