गाळणी नव्हे, साठा

‘पाण्यात पडलेला पालापाचोळा जड धातू शोषून घेतो, म्हणजे ती निसर्गाची मोफत गाळणीच’ हे पालापाचोळ्यावरच्या एका लेखातलं वाक्य खटकलं. शोषून घेतो, इथपर्यंत ठीक. पण गाळणीत अडकलेलं आपण बाहेर काढून टाकतो. इथे ते कोण काढतंय?

महाविद्यालयात प्रकल्पासाठी जाळीच्या पिशव्यांत पानं भरून ओढ्यात ठेवली होती. ताज्या पानांपेक्षा कुजून काळी, बुळबुळीत झालेल्या पानांत दर ग्रॅममागे तांबं आणि शिसं कितीतरी जास्त निघालं. कारण पान झिजतं, धातू मात्र राहतो. वर जिवाणू-बुरशीचा थर चढतो, त्यावर लोह-मँगनीजची ऑक्साइडं (गंजासारखी संयुगं) बसतात, आणि तीही धातू धरून ठेवतात. नेमकी हीच मऊ पानं पाण्यातल्या अळ्या आवडीने कुरतडतात आणि त्या अळ्या मासे खातात. लेखात याबद्दल एक ओळही नाही! शिवाय पाणी आम्लधर्मी झालं किंवा तळाचा ऑक्सिजन संपून ती ऑक्साइडं विरघळली, की धरलेला धातू पुन्हा सुटू शकतो. जस्त आणि कॅडमियम तर तांबं-शिशाइतके घट्ट बांधलेलेही नसतात.