यादीत नसलेले कारण

परवा कट्ट्यावर वाद पेटला तो अण्णांच्या एका वाक्यावरून. राज्यघटनेने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, लोकांच्या भावना दुखावण्याचे नव्हे, असे ते म्हणाले. वाक्य टाळ्या घेणारे होते, पण वकीलसाहेबांनी ते तिथेच अडवले. अनुच्छेद १९ च्या दुसऱ्या खंडात निर्बंधांची कारणे मोजून दिलेली आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी. या यादीत दुखावलेल्या भावना कुठेही नाहीत; शिवाय निर्बंध ‘वाजवी’ असला पाहिजे, ही अट १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने घातली आहे.

“मग दंडसंहितेत धर्माच्या अपमानाबद्दलचे २९५-अ कलम कशाला होते?” अण्णांनी विचारले. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये वैध ठरवले, पण सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारावर, आणि तेही धर्माचा जाणूनबुजून व दुष्ट हेतूने केलेला अपमान एवढ्यापुरतेच, असा वकीलसाहेबांचा खुलासा होता.

पोलिसातून निवृत्त झालेले आमचे जमादार इतका वेळ गप्प होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारणाऱ्या पालघरच्या तरुणीला आणि त्या मजकुराला ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली, तो विषय त्यांनीच काढला. ठाण्याबाहेर जमाव उभा असला की दोन मुलींना आत घेणे सोपे आणि जमावाला पांगवणे अवघड, एवढेच ते म्हणाले. मला हे सगळ्या चर्चेतले सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटले. मात्र विरोधी जमावाला आवरता येत नाही, ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात बजावले होते.

अण्णा हटले नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवर फिरलेल्या अफवांमुळे पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. तिथेही शब्दांना मोकळे सोडायचे का, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. वकीलसाहेबांनीही तो मान्य केला. फरक माझ्या मते असा, की राईनपाड्यात शब्दांनी जमावाला तिसऱ्याच माणसांवर सोडले, तर पालघरमध्ये जमाव बोलणाऱ्या मुलीवरच चालून आला आणि तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पहिल्या प्रसंगी शब्दांना आवर घालणे वाजवी आहे. दुसऱ्या प्रसंगी तसे करणे म्हणजे मोडतोड करणाऱ्यांनाच निर्बंध ठरवण्याचा अधिकार देणे होय.

“हे अर्ध्या तासात ठाणेदाराने कसे ओळखायचे?” अण्णा म्हणाले. जमादारांनी शांतपणे विचारले, “दवाखाना कोणी फोडला, हे तर दिसते ना?”

पालघरच्या त्या अटकेसाठी वापरलेले, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, तरी त्याखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले, आणि कोणावरही या कलमाखाली खटला चालवू नका, असा आदेश २०२२ मध्ये पुन्हा द्यावा लागला.