‘टीम मालकाची, कोर्टाचा काय संबंध?’

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर परवा मित्राने मोबाइल पुढे केला. आयपीएल आली की हा मेसेज हमखास फिरतो: ‘टीम मालकाची. उद्या दुसऱ्या गावाला नेली तरी कोर्ट काही करू शकत नाही. अमेरिकेत तर रातोरात उचलून नेतात!’

आधी ते ‘रातोरात’. २८ मार्च १९८४ च्या रात्री बाल्टिमोर कोल्ट्स या अमेरिकन फुटबॉल टीमचं बिऱ्हाड ट्रकमध्ये भरून इंडियानापोलिसला गेलं, खरंय. पण रात्रीच का? रस्त्यासाठी जमीन घेतात तशी टीमच सक्तीने ताब्यात घेण्याचा अधिकार शहराला देणारा कायदा बाल्टिमोरच्या मेरीलँड राज्यात होऊ घातला होता. मालक पळाला तो त्याच धाकाने. टीम ताब्यात मागणारं बाल्टिमोर पुढे कोर्टात हरलं, कारण तोवर टीम राज्याबाहेर गेली होती.

‘कोर्ट काही करू शकत नाही’? सिएटलची बास्केटबॉल टीम सुपरसॉनिक्स ओक्लाहोमा सिटीला निघाली तेव्हा मैदानाचा भाडेकरार २०१० पर्यंतचा होता. शहर म्हणालं, पैसे नकोत, मुदत संपेपर्यंत इथेच खेळा. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार मोडणाऱ्या भाडेकरूला घरमालक इतकं धरून ठेवत नाही! खटला चालला आणि जुलै २००८ मध्ये निकालाच्या काही तास आधी तडजोड झाली. टीम गेली, पण साडेचार कोटी डॉलर मोजून, आणि नाव व रंग सिएटललाच ठेवून. सेंट लुईसने तर आपली फुटबॉल टीम रॅम्स लॉस एंजेलिसला गेल्यावर स्पर्धा भरवणाऱ्या लीगवरच दावा लावला: टीम हलवण्याचे तुमचेच नियम तुम्ही पाळले नाहीत. २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरवर मिटलं.

आणि कोर्ट स्वतःच टीमला बाहेर खेळायला लावतं, हे तर आपणच पाहिलंय. २०१६ च्या दुष्काळात मैदानांच्या पाण्यावरून जनहित याचिका झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. मुंबई आणि पुण्याच्या टीमनी विशाखापट्टणम गाठलं. किती पाणी वाचलं यावर वाद घाला, पण आदेश पाळावा लागलाच.

टीम मालकाची, हे मान्य. शहराच्या हातात असतो तो सही-शिक्क्याचा कागद. आणि इथेच नाशिककरांचं दुखणं आहे. २०२३ मध्ये एमपीएलच्या (महाराष्ट्र प्रीमियर लीग) पहिल्या हंगामात ‘ईगल नाशिक टायटन्स’ उतरली, नाव आपलं आणि सामने सगळे पुण्याजवळच्या गहुंज्याला. ती उद्या दुसरीकडे गेली, तर कोणता भाडेकरार घेऊन आपण कोर्टाची पायरी चढणार?