रक्तातले प्रथिन आणि बधिर तळपाय

कर्करोगाशी नाते सांगणारे निदान रुग्णाला स्पष्ट सांगावे, की घरच्यांनी ते आपल्यापाशीच ठेवावे, हा मायदेशातला जुना वाद मला परदेशात दर आठवड्याला फोनवर ऐकायला मिळतो. मावसभावाचे म्हणणे असे, की जो आजार अजून झालेलाच नाही, त्याच्या नावाने माणसाला झुरत कशाला ठेवायचे? ताईच्या मते सगळे कळलेच पाहिजे आणि उपचारही लगेच सुरू झाले पाहिजेत. मला या वादात तटस्थ राहता येत नाही, कारण ते निदान माझे आहे.

माझ्या स्थितीला एमगस म्हणतात. अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा एकच वंश वाढतो आणि एकाच साच्याचे प्रतिपिंड रक्तात सोडत राहतो, तेच एम-प्रथिन. ते दर डेसिलिटरला 3 ग्रॅमपेक्षा कमी असेल, मज्जेत अशा पेशी 10 टक्क्यांपेक्षा कमी असतील आणि हाडे, मूत्रपिंडे, कॅल्शियम व हिमोग्लोबिन यांना त्यांची झळ लागलेली नसेल, तर तो कर्करोग नव्हे. पन्नाशीनंतर साधारण 3 टक्के लोकांत ही स्थिती आढळते आणि त्यांपैकी वर्षाला सुमारे 1 टक्का लोकांत ती मायलोमा (प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) किंवा तत्सम आजाराकडे वळते. पूर्वी तिला ‘सौम्य’ म्हणत; 1978 मध्ये मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी ‘महत्त्व अनिश्चित’ असे सांगणारे आजचे नाव रूढ केले, कारण कोणाची स्थिती सौम्यच राहील हे आधी सांगता येत नाही. मावसभावाने हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत असे मला मनापासून वाटते. त्यांत घाबरून जावे असे फारसे नाही, पण लपवावे असेही काही नाही.

मात्र इथला मोकळेपणा मी आदर्श मानत नाही. माझा अहवाल डॉक्टरांच्या भेटीआधीच मोबाइलवर आला आणि ती रात्र मी ते न समजणारे शब्द पुन्हा पुन्हा वाचण्यात घालवली. पुढे रक्तविकारतज्ज्ञ म्हणाले, की सध्या काही करायचे नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. प्रथिनाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण माझ्या तळपायांना मुंग्या येत होत्या, चप्पल पायातून निसटली तरी कळत नव्हते आणि तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाऊन हात बेसिनकडे धावत होता, हे त्या खोलीत कोणी विचारलेच नाही. मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी आधी मधुमेह आणि बी-12 ची कमतरता तपासली, आणि ते रास्तच होते, कारण ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. मग त्यांनी कंप पावणारा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) पायाच्या अंगठ्यावर टेकवला. मला फक्त धातूचा गारवा जाणवला, कंप मुळीच नाही. माझे प्रथिन आयजीएम प्रकारचे आहे, आणि या प्रकारात प्रतिपिंड कधीकधी मज्जातंतूंच्या मायलिन आवरणावरच हल्ला करते. हा दुवा तेव्हा पुढे आला, कारण दोन्ही विभागांत जाणारा मी एकटाच होतो आणि रक्ताचा तो कागद मीच त्यांच्यासमोर ठेवला.

म्हणूनच रुग्णाला अंधारात ठेवणे मला धोक्याचे वाटते. लघवीला फेस येणे, पायांवर सूज, चढताना वाढत जाणारी धाप, उगाच घटणारे वजन ही चिन्हे त्याच प्रथिनाने अवयवांत घर केल्याची असू शकतात, आणि ती सर्वांत आधी ज्याच्या शरीरात उमटतात त्यालाच कळतात. ज्याला आपल्या रक्तात काय आहे हे ठाऊक नाही, तो ती वयाच्या खात्यावर टाकून मोकळा होईल. ताईच्या घाईलाही माझा विरोध आहे, कारण निव्वळ एमगसवर औषध दिले जात नाही. मज्जातंतूंचे नुकसान वाढत जाऊन रोजचे जगणे अडू लागले, तरच आयजीएम बनवणाऱ्या पेशींना आवर घालणाऱ्या औषधांचा विचार होतो, आणि त्यांचाही गुण सर्वांना येत नाही. हे मी तिला सविस्तर समजावले. आता ती उपचार कधी सुरू होणार असे विचारत नाही. डोळे मिटून किती वेळ उभे राहता येते, हे विचारते आणि मी सांगितलेले सेकंद लिहून ठेवते.