तारांसाठी दात काढणे: फिरत्या मेसेजला उत्तर

‘तारा लावायला निरोगी दात काढू देऊ नका. चेहरा बसतो, श्वासाची वाट अरुंद होते, वरचा दात काढला तर नजर अधू होते. जागा हवीच असेल तर अक्कलदाढा काढा, नाहीतर वाकडा आलेला सुळा काढून टाका.’ हा मजकूर पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. तो वाचून आईवडील धास्तावतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी सुळा, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. वरचा सुळा साधारण ११-१२व्या वर्षी, शेजारचे बहुतेक दात आल्यावर येतो. जागा उरलेली नसते, म्हणून तो हिरडीत उंचावर चढून बसतो आणि सगळा दोष त्याच्या माथी जातो. पण तोंडातलं सगळ्यात लांब मूळ त्याचंच. खालचा जबडा बाजूला सरकला की भार तो पेलतो, ओठाच्या कोपऱ्याला उठावही तोच देतो. म्हणून सुळा राखतात आणि त्याच्या मागची पहिली उपदाढ (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्यामधली छोटी दाढ) काढतात. ती सुमारे ७ मिलिमीटर रुंद. दोन्हीकडची मिळून जवळजवळ १४ मिलिमीटर जागा, तीही दाटीला लागूनच. काढलेल्या उपदाढेचं चावायचं काम मागची उपदाढ सांभाळते.

‘सगळ्यांच्या चार उपदाढा काढायच्या’ असाही नियम नाही. वरचे दात पुढे आणि खाली दाटी नाही, तर कधी वरच्या दोनच पुरतात. पुढचे दात फार मागे न्यायचे नसतील तर दुसरी उपदाढ निवडतात. पहिली मोठी दाढ किडून पोखरली असेल, तर धडधाकट उपदाढेला हात लावण्याआधी ती दाढच काढण्याचा विचार झालाच पाहिजे, उपचार लांबला तरी.

‘काढूच नका’ हे काही तोंडांना लागूही पडतं. दाटी, म्हणजे दातांना कमी पडणारी जागा, ४ मिलिमीटरच्या आत असेल तर दातांच्या कडा किंचित घासून किंवा दातांची कमान थोडी रुंदावून बहुधा भागतं. १० मिलिमीटरच्या वर गेली की दात काढल्याशिवाय सहसा निभत नाही. मधल्या पट्ट्यात चेहरा बघून ठरतं. हा वाद जुना आहे. तारांच्या उपचाराचे अमेरिकन प्रणेते एडवर्ड अँगल एकही दात काढू देत नसत. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना तसे उपचार केलेल्यांचे दात पुन्हा बिघडताना दिसले, तेव्हा त्यांनी चार उपदाढा काढून त्या रुग्णांवर नव्याने उपचार केले.

चेहरा बसण्याची भीती अगदीच निराधार नाही. ओठ आधीच चपटे असलेल्या मुलाचे दात आणखी मागे ओढले तर वाईट दिसतं. पण दात इतके पुढे की ओठ जोर लावून मिटावे लागतात, हनुवटीवर सुरकुत्या पडतात, अशा मुलीचा चेहरा त्याच उपचाराने खुलतो. यासाठीच बाजूने काढलेला सेफॅलोग्राम (डोक्याचा एक्स-रे) आणि दातांचे साचे हवेत. नुसतं तोंडात डोकावून कुणी ‘चार काढू’ म्हणालं, तर थांबा.

श्वासाचं म्हणाल, तर अमेरिकेत २०१५ साली साडेपाच हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. उपदाढा नसलेल्यांत झोपेत श्वास अडण्याचा विकार जास्त आढळला नाही. नजरेची नस वेगळी आणि दातांची वेगळी; उपदाढ काढल्याने दृष्टी जात नाही.

अक्कलदाढा काढून पुढची दाटी सुटत नाही. त्या असतात पार मागे, आणि तारांच्या वयात बहुधा हाडातच. ज्यांना त्या आल्याच नाहीत, त्यांचेही खालचे दात वयाबरोबर दाटतात.

काढलेला दात परत येत नाही, ही काळजी मात्र शंभर टक्के खरी. तारा लावणारे डॉक्टर चिठ्ठीवर दातांचे आकडे लिहितात, आणि दात अनेकदा दुसरेच डॉक्टर काढतात. १४, २४, ३४, ४४ म्हणजे चार पहिल्या उपदाढा. १५ आणि २५ म्हणजे वरच्या दुसऱ्या. भूल देण्याआधी तो आकडा डॉक्टरांकडून मोठ्याने वाचून घ्या आणि कोणता दात ते आरशात बोटाने दाखवायला सांगा.