गॅस संपला म्हणता, पण तो गेला कुठे?

यंदाच्या उन्हाळ्यात मी एक वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे, की ते पुन्हा कोणी माझ्यासमोर उच्चारले तर माझा तोल सुटेल. "सर, ग्यास संपला तुमच्या गाडीचा." पेट्रोल संपते, स्वयंपाकघरातले सिलिंडर संपते, तुरीची डाळ संपते. गाडीच्या एसीतला गॅस संपत नसतो. तो नळ्यांच्या एका बंद जाळ्यात गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताना गार पडतो, डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये गाडीतली उष्णता शोषून पुन्हा वायू होतो आणि परत कॉम्प्रेसरकडे जातो. या सगळ्यात तो जळत नाही आणि खर्चही होत नाही. मला वाटते, सगळा घोटाळा 'गॅस' या शब्दानेच केला आहे. चुलीवरचा गॅस संपतो, म्हणून हाही संपत असावा, असे आपण निमूटपणे मान्य करून टाकतो. आमच्या घरातला फ्रिज २००६ सालचा आहे आणि त्यात आजवर कोणी चिमूटभरही गॅस भरलेला नाही. गाडीत रबरी पाइप असतात, इंजिनाची थरथर असते, त्यामुळे वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपतो, हे मला मान्य आहे. परंतु वीस दिवसांत जो सगळा जातो, त्याला झिरपणे म्हणत नाहीत.

आमचे खेडे यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि नागपूर येथून सुमारे दीडशे किलोमीटर आहे. आईला तपासणीसाठी महिन्यातून एकदा तेथे न्यावे लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना राष्ट्रीय महामार्ग ४४ वर काचा खाली करून गाडी चालवणे म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही, तेच लोक एसीला चैन म्हणतात. काच खाली केली की वारा येत नाही, लू येते. सत्तरीची आई तोंडाला दुपट्टा गुंडाळून, पदराच्या टोकाला कांदा बांधून मागच्या सीटवर डोळे मिटून बसते आणि बुटीबोरी येईपर्यंत एक शब्द बोलत नाही. तिचे ते न बोलणेच मला अधिक लागते.

मार्चअखेर पहिल्यांदा हवा कोमट येऊ लागली, तेव्हा मी गाडी तालुक्याच्या गावी मिस्त्रीकडे नेली. त्याने बोनेट उघडले, पाइप जोडला, गॅस सोडला, माझा हात धरून एसीच्या जाळीसमोर नेला आणि विचारले, "थंडा झाला ना सर?" झाला होता. मी दीड हजार रुपये दिले. एप्रिलच्या विसाव्या तारखेला पुन्हा तीच कोमट हवा, पुन्हा तेच बोनेट, पुन्हा तेच वाक्य आणि पुन्हा दीड हजार. "गेल्या महिन्यातच भरला होता, तो गेला कुठे?" असे मी विचारले, तेव्हा त्याने अत्यंत शांतपणे सांगितले, "उन्हाळा हाये ना सर, उन्हात उडते ग्यास." मी शाळेत विज्ञान शिकवतो. बंद नळीतला वायू उन्हाने उडतो, हे ऐकूनही मी गप्प राहिलो आणि खिशात हात घातला, याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या खेपेला मी व्हॅक्यूमबद्दल विचारले होते. गॅस भरण्याआधी पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायची असते. ओल आत राहिली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी तिचा बर्फ होऊ शकतो, आणि कॉम्प्रेसरच्या वंगणाच्या तेलाबरोबर मिसळून ती आम्ल तयार करते, जे आतल्या भागांना खाते. पुरेसा निर्वात झाला की पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होते आणि निघून जाते. त्याला किमान अर्धा तास तरी लागतो. शिवाय पंप बंद केल्यावर काटा जागेवर ठरतो की मागे सरकतो, यावरून गळती आहे की नाही, हेही समजते. मिस्त्रीकडे पंप म्हणून जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर होता. तो त्याने पाच मिनिटे फिरवला, तेवढ्यात लाइन गेली, आणि "झालं सर, तेवढं पुरते" असे म्हणून त्याने गॅसचा नळ उघडला. काटा मागे सरकतो का, हे पाहायला त्याने मानसुद्धा वळवली नाही. बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर गॅसचा प्रकार आर-१३४ए आणि वजन ४०० ग्रॅम असे स्पष्ट छापलेले आहे. हे वजन म्हणजे गाडीला नेमका किती गॅस हवा, याचे माप. ती पट्टी त्याने दोन्ही वेळा पाहिली नाही, कारण त्याचा वजनकाटा म्हणजे माझा हात होता.

मग मी तो मूर्खपणा केला, ज्याबद्दल स्वतःवर चिडण्याचा अधिकार मी राखून ठेवला आहे. बाराशे रुपयांत घरपोच एक संच मागवला: ४५० ग्रॅम गॅसचा डबा, त्याला बसणारी तोटी, छोटा पाइप आणि हिरव्या, निळ्या, लाल पट्ट्यांचा एक मीटर. सूचनापत्रात हसणाऱ्या माणसाचे चित्र होते आणि दहा मिनिटांत काम होईल, असा दावा होता. कमी दाबाच्या नळीवरचे तोंड १३ मिलिमीटरचे आणि जास्त दाबाच्या नळीवरचे १६ मिलिमीटरचे असते, त्यामुळे पाइप चुकीच्या जागी बसत नाही. डबा चुकून जास्त दाबाला जोडला गेला तर तो फुटू शकतो, म्हणून ही तजवीज. या सगळ्या धंद्यात कोणी तरी डोके वापरले असेल, तर ते एवढ्या एका ठिकाणी.

पाइप जोडला आणि इंजिन बंद असतानाच काटा थेट लाल पट्टीत गेला. गॅस जास्त झाला, असे समजून मी पाइप काढला आणि एक दिवस गप्प बसलो. रात्री लक्षात आले की हे तर आपण आठवीच्या वर्गात शिकवतो. बंद भांड्यात द्रवाचा थोडासा अंश शिल्लक असला तरी आतला दाब तापमानावरून ठरतो, द्रव किती आहे यावरून नाही. पंचेचाळीस अंशांना या गॅसचा दाब सुमारे १५० पीएसआय भरतो. त्या पट्ट्या कोणत्या थंड देशातल्या अंगणासाठी रंगवल्या होत्या, देव जाणे. आमच्या अंगणात तो मीटर केवळ शोभेचा आहे. उन्हात ठेवलेला डबाही तितकाच तापलेला, म्हणजे दोन्हीकडे दाब सारखाच, मग गॅस जाणार कसा? इंजिन आणि एसी सुरू केल्यावर कमी दाबाची बाजू खाली येते, तेव्हाच तो जातो. जाऊ लागला की डबा इतका गार पडतो की प्रवाह मंदावतो, म्हणून तो कोमट पाण्यात धरावा, अशी सूचना होती. ही एकच सूचना आमच्याकडे आपोआप पाळली गेली, कारण मे महिन्यात टाकीतून येणारे पाणी कोमट असतेच, किंबहुना डब्यावर पन्नास अंशांच्या वर नेऊ नका असे लिहिलेले असल्यामुळे मला त्यात माठातले पाणी मिसळावे लागले.

किराणा दुकानातून वजनकाटा मागून आणला होता. डब्यातून अडीचशे ग्रॅम गेल्याचे त्याने इमानदारीने सांगितले. गाडीत आधी किती होता, हे तो कसा सांगणार? म्हणजे एकूण तीनशे झाला, चारशे झाला की पाचशे, हे मला समजले नाही आणि घरी ते समजणे शक्यही नाही. कमी भरला तर गारवा नाही, जास्त भरला तर दाब वाढून कॉम्प्रेसरवर ताण. त्यातच गळतीबरोबर थोडे तेलही बाहेर गेलेले असते, ते या डब्यात नव्हते, आणि कोरडा कॉम्प्रेसर जाम झाला तर खर्च हजारांत जातो. तोटी सोडवताना पाइपातला द्रव अंगठ्यावर उडाला. हा पदार्थ उणे सव्वीस अंशांना उकळतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उभे राहून अंगठ्याला हिमदंश करून घेणारा पंचक्रोशीत मी पहिलाच असेन. चष्मा होता म्हणून डोळा वाचला.

आणि चौथ्या दिवशी हवा पुन्हा कोमट.

याच काळात मला सल्ले देणाऱ्यांची रांग लागली. एकाने गळती बुजवणारे औषध असलेला डबा घ्यायला सांगितले. तो चिकट पदार्थ गळतीबरोबर व्हॉल्व्हही बुजवू शकतो आणि पुढे गॅस काढून घेणारे यंत्रसुद्धा खराब करतो, हे कळल्यावर मी हात जोडले. दुसऱ्याने स्वस्तातला डबा सुचवला. त्यात जळणारा वायू मिसळलेला असेल तर तो गरम इंजिनाशेजारी फिरवत ठेवायचा, हे आमच्या घरी कोणालाच पसंत पडले नाही. आर-१३४ए ओझोनचा थर खात नाही हे खरे, पण हवा तापवण्यात तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे. म्हणजे एकदा भरलेला चारशे ग्रॅम गॅस हवेत गेला की पावणेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले, आणि आम्ही तीन वेळा तो पुरवला. आधीच पेटलेल्या विदर्भावर ही माझी वैयक्तिक देणगी.

गळती शोधली कोणी, तर आमच्या गावात पिंपळाच्या पारापाशी सायकली दुरुस्त करणाऱ्या काकाजींनी. मी बोनेट उघडून नुसता पाहत उभा होतो. ते आले, विडी बाजूला टाकली आणि म्हणाले, "गुरुजी, हवा कुठून जाऊन राहिली ते तं पाहा आधी." मग त्यांनी तर्जनीला थुंकी लावली आणि जेथून गॅस भरतात त्याच तोंडातल्या पिनेवर ठेवली, जशी ते ट्यूबच्या व्हॉल्व्हवर ठेवतात. एक फुगा आला, फुटला, दुसरा आला. ज्या छिद्रावर मिस्त्रीने दोनदा आणि मी एकदा पाइप लावला, त्याच छिद्रातून गॅस जात होता. भोवती तेलाचा ओशट डाग होता आणि त्यावर रस्त्याची धूळ बसलेली होती. तो डागसुद्धा आम्हा दोघा शहाण्यांना दिसला नाही. त्या तोंडावर काळे टोपण असते आणि आतल्या रबरी कड्यामुळे तेही गॅस अडवते. माझ्या गाडीचे टोपण मार्चपर्यंत जागेवर होते. पहिल्या भरणीनंतर ते कोठे गेले, हे मिस्त्रीच्या टेबलावरच्या डब्यालाच ठाऊक.

पाच रुपयांत पंक्चर काढण्याच्या काळापासून काकाजी ट्यूब पाण्यात बुडवल्याशिवाय पंपाला हात लावत नाहीत. दीड हजार घेणाऱ्या माणसाला थुंकीचा एक थेंब महाग पडला.

पिन शंभर रुपयांच्या आत मिळाली. पण ती बदलायची तर उरलेला गॅस काढावा लागतो, मग व्हॅक्यूम, मग वजन करून नवा गॅस, आणि हे घरी होत नाही. म्हणून नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला त्याच दिवशी मी गाडी पुन्हा त्याच मिस्त्रीकडे नेली, कारण तीस किलोमीटरच्या आत दुसरा नाही. अर्धा तास पंप आणि काट्यावर मोजून चारशे ग्रॅम, या दोन अटी मी लिहून दिल्या. त्याने पिन बदलली, पंप सुरू केला आणि अकराव्या मिनिटाला लाइन गेली. "तेवढं पुरते सर," तो म्हणाला. मी "नाही" म्हणालो, तेव्हा त्याने गाडी ठेवून जायला सांगितले. आज तिसरा दिवस आहे, ट्रान्सफॉर्मर अजून दुरुस्त व्हायचा आहे, आईला परवा नागपूरला न्यायचे आहे, आणि टोपण त्याच्याकडे नाही, ते मला बाहेरून मागवावे लागेल, असा निरोप त्याने मघाशी फोनवर दिला.