खोकं फेकू नका

नवा फोन घ्यायचं मनात आलंय? मग पहिलं काम जुन्या फोनचं करा. तो अजून धडधाकट आहे, हीच खरी अडचण. कालपर्यंत लोण्यासारखा चालत असला, तरी नव्याच्या लाँचची तारीख जाहीर झाली त्या संध्याकाळपासून तो ‘जरा अडकायला’ लागला पाहिजे. घरच्यांच्या देखत अडकला तर सोन्याहून पिवळं. बॅटरीचं रडगाणं सगळ्यात खात्रीचं, कारण ते थोडंफार खरंही असतं. लिथियम-आयन बॅटरी दर चार्जिंगला कणाकणाने झिजतच असते. फक्त बॅटरी बदलली की तोच फोन आणखी दोन-तीन वर्षं निघतो, ही माहिती घरात फुटू देऊ नका. माझ्याकडून एकदा फुटली. त्या वर्षी मला नवी बॅटरी मिळाली.

आता बुकिंग. विक्री सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं पान उघडून बसा आणि दर पाच सेकंदांनी रिफ्रेश करा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं कोणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. पहिल्या दिवशी घेणाऱ्याचा मान काही वेगळाच असतो. पहिला आयफोन 29 जून 2007 रोजी विक्रीला आला, तेव्हा माणसं दुकानांबाहेर रांगा लावून, काही तर आदल्या रात्रीपासून मुक्काम ठोकून बसली होती. सप्टेंबर उजाडला आणि ॲपलने 8 जीबीच्या मॉडेलची किंमत थेट एक तृतीयांशाने उतरवली. रांगवाले खवळले. मग स्टीव्ह जॉब्जने जाहीर पत्र लिहून माफी मागितली आणि फरकाच्या निम्म्या रकमेचं क्रेडिट दिलं, तेही ॲपलच्याच दुकानात खर्च करायचं. या फोनवर मजकूर कॉपी-पेस्ट करता येत नव्हता, ती सोय 2009 साली आली, हा तपशील सोडा. जे दोन-सव्वादोन महिने थांबले त्यांना फोन स्वस्तात पडला, कबूल. पण त्यांना पत्र लिहिलं का कोणी?

आकडे पाठ हवेत. रिफ्रेश रेट 60 चा 120 हर्ट्झ झाला, म्हणजे पडद्यावरचं चित्र दर 16.7 ऐवजी 8.3 मिलिसेकंदांनी बदलतं. हे वाचलेले 8 मिलिसेकंद तुम्ही कुठे गुंतवणार, असं विचारणाऱ्याशी मैत्री ठेवू नका. बॅटरी सेव्हर लावला की फोन बहुधा गुपचूप 60 वर उतरतो, हेही त्याला सांगू नका. कॅमेरा 200 मेगापिक्सेलचा असावा. तो एरवी 16-16 पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो काढतो, आणि तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर जाईपर्यंत व्हॉट्सॲप त्याचा आणखी चोथा करतं. हरकत नाही. आकडा फोटोसाठी नसतोच. तो ‘तुझा किती?’ या प्रश्नासाठी असतो. (1 टीबीची हार्ड डिस्क जोडल्यावर विंडोज 931 जीबीच का दाखवतं, हे मात्र पाहुण्यांना जरूर समजावून सांगा. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने. एवढं होईपर्यंत पाहुणे उठलेले असतील.)

एकट्या फोनवर थांबू नका, घरही शहाणं करा. आजीला रात्री उठावं लागतं, म्हणून मी तिच्या खोलीत स्मार्ट बल्ब बसवला. स्मार्ट बल्बची एक अट असते. त्याचा वीजपुरवठा सतत चालू लागतो. भिंतीवरचं बटण कोणी बंद केलं की त्याची सगळी अक्कल गेलीच. म्हणून मी त्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि आजीला उशाशी ठेवलेल्या स्पीकरशी बोलायला शिकवलं. आठवडाभर छान चाललं. ती ‘दिवा लाव रे बाळा’ म्हणायची आणि बाळ दिवा लावायचं. मग एका रात्री राउटरने स्वतःहून अपडेट ओढलं आणि तो जो बसला तो बसलाच. आजीने अंधारात दोनदा सांगून पाहिलं. इंटरनेट जोडलेलं नाही, असं स्पीकरने दोन्ही वेळा अतिशय नम्रपणे कळवलं. मी शेजारच्या खोलीत उठून ॲप उघडलं, तर ॲपला माझा पासवर्ड नव्याने हवा होता, आणि पासवर्ड पडताळायला इंटरनेट. एवढ्यात पलीकडे उजेड झाला. आजीने नखाने चिकटपट्टी सोलली होती आणि बटण बंद करून चालू केलं होतं. सकाळी तिने चहाच्या कपाशेजारी चिकटपट्टीची एक घट्ट गोळी ठेवली आणि म्हणाली, ‘हे तुझं राहिलं होतं.’

तेव्हा सल्ला असा की चिकटपट्टीवर विसंबू नका. बटणावर स्क्रू मारून झाकणच बसवा.

‘लाइफटाइम’ हा शब्द दिसला की डोळे मिटून घ्या. कोणाचं लाइफ, हे विचारणं असभ्यपणाचं आहे. रिव्हॉल्व्ह नावाचा एक हब होता, घरातले दिवे, कुलपं, सेन्सर एका ॲपखाली आणणारा, आणि त्याची सेवा आजीवन मिळणार होती. 2014 मध्ये गूगलच्या नेस्ट या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीने ती कंपनी विकत घेतली आणि मे 2016 मध्ये सर्व्हर बंद करून टाकले. हब बिघडला नाही, पडला नाही, जळला नाही. लोकांच्या घरी फळीवर जसाच्या तसा ठेवलेला होता, फक्त आता तो डबा होता. खऱ्या हौशी माणसाने याला नुकसान म्हणू नये. फळीवर जागा झाली म्हणावं.

केबलींचा खण तर तुमच्याकडे असेलच. एका बाजूला चपटी, दुसऱ्या बाजूला कसली ते कोणालाच ठाऊक नाही, अशी एक तरी त्यात हवी. युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचं केलं, तेव्हा हा खण आता ओस पडणार म्हणून मी हळहळलो होतो. उगाच. तोंड सगळ्यांचं एक झालं, पोटातलं जिकडचं तिकडेच. एक केबल सेकंदाला 40 गिगाबिट नेते, अगदी तशीच दिसणारी दुसरी 480 मेगाबिटवर धापा टाकते, आणि तिसरीतून फक्त चार्जिंग होतं. पूर्वी निदान बघून कळायचं. आता तिन्ही लावून पाहाव्या लागतात, म्हणजे रविवार दुपारची सोय झाली.

आणि खोकं फेकू नका. विकताना खोक्यासकट भाव बरा येतो, हे शास्त्र आहे. आपण विकत नाही, भाव काय येईल एवढंच बघत बसतो आणि तो रोज थोडा उतरत जातो, ते वेगळं. माझ्या कपाटावर अकरा खोकी आहेत. आतला पुठ्ठ्याचा ट्रे, सिम काढायची पिन, कोणीही न उघडलेली माहितीपुस्तिका, सगळं जागच्या जागी. परवा त्यातलं एक हाताला जरा जड लागलं. उघडलं तर आत तो नव्या बॅटरीचा जुना फोन. खणातली मायक्रो यूएसबी केबल शेवटी कामाला आली. अर्ध्या तासाने फोन सुरू झाला, आणि मी बोटाने पडदा वरखाली सरकवून पाहिला.

लोण्यासारखा चालत होता. घरच्यांपैकी कोणी यायच्या आत बंद केला, ट्रेमध्ये नीट बसवला आणि खोकं मागच्या रांगेत सरकवलं.